मुखवटा: झाकणारा आणि दाखवणारा

महेश कोठारे यांच्या 'धडाकेबाज'मधला (१९९०) कवट्या महाकाळ हा मराठी पडद्यावरचा सर्वांत लक्षात राहिलेला मुखवटाधारी खलनायक. चित्रपट भयपट नव्हे; बाटलीतल्या गंगारामाचा विनोद त्यात भरपूर आहे. तरी आमच्या परंड्यात आजही कुणी उन्हासाठी तोंडाला उपरणं गुंडाळून मोटारसायकलवर आला, की पारावरून 'आला कवट्या महाकाळ' अशी हाक येते. चित्रपट न पाहिलेली पोरंही हसतात.

कवटीचा हा मुखवटा आणि अमेरिकी भयपटातल्या खुन्याचा मुखवटा एकाच जातीचे वाटतात. माझ्या मते ते उलटी कामं करतात.

जॉन कार्पेंटर यांच्या 'हॅलोविन'मध्ये (१९७८) मायकल मायर्स जो मुखवटा चढवतो, तो मुळात 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, बाजारात मिळणारा. त्याला पांढरा रंग दिला आणि ओळखीचा चेहरा पुसून टाकला. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या या पात्राला 'द शेप', म्हणजे नुसता 'आकार' म्हटलं आहे. तो बोलत नाही. शेवटी मुखवटा ओढला जातो, तेव्हा हल्ला सोडून तो आधी मुखवटा परत चढवतो. 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेतल्या जेसनला हॉकीचा मुखवटा तिसऱ्या भागात, १९८२ साली मिळाला. पुढे मुखवटा हीच जेसनची ओळख झाली. आत कोण आहे याला महत्त्व उरत नाही, म्हणून भीती वाटते.

आपल्याकडे मुखवटा असा रिकामा नसतो. भाद्रपदात मराठवाड्यात घरोघर महालक्ष्म्या बसतात. मुखवटा चढेपर्यंत तिथे नुसतं नेसवलेलं लुगडं असतं. मुखवटा चढला की ज्येष्ठा-कनिष्ठा घरी आल्या. कोकणच्या दशावतारातला संकासुर काळ्या सोंगात, लाल जीभ लोंबवत येतो. वेद पळवणारा असुर तो, पण बोलबोलून हसवतो. कवट्या महाकाळ याच घराण्यातला. मुखवट्यावर कवटी, नावातही कवटी. लपवायला काही ठेवलेलंच नाही.

'झपाटलेला'मधल्या (१९९३) तात्या विंचूकडेही असंच पाहता येतं. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना 'चाइल्ड्स प्ले'मधून (१९८८) आली, हे उघड आहे. पण तो बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा. पाध्यांच्या अर्धवटरावामुळे मराठी प्रेक्षक बोलक्या बाहुल्यांना सरावलेला होता. त्याने तात्या विंचूला घाबरण्याआधी ऐकून घेतलं, आणि पोरांनी त्याचा मंत्र पाठ केला.

याची किंमतही मोजावी लागली. बोलणारा, नाव सांगणारा खुनी लाडका होतो. निनावी, विनाकारण हिंसेची भीती मराठी लोकप्रिय सिनेमाने क्वचितच पेलली. दुष्टपणा लांबून ओळखू येतो, असा दिलासा हे मुखवटे देतात. गावात तसं नसतं. तिथे हात उगारणारा बहुधा उघड्या तोंडाने येतो. त्याला सगळे नावानिशी ओळखतात, आणि म्हणूनच त्याचं नाव कुणी घेत नाही. मराठी भयपटाला मुखवटे पुष्कळ मिळाले. हा उघडा चेहरा त्याने अजून पुरेसा पाहिलेला नाही.