फेटा भाड्याचा, वहाणा घरच्या

लग्नाच्या मांडवात नवरदेवाचा फेटा, शेरवानी, मुंडावळ्या सगळं सोडून थेट त्याच्या पायांकडे बघणारी एक मावशी प्रत्येक घराण्यात असते. फेटा भाड्यानं मिळतो, शेरवानी मित्राची मागून आणता येते. वहाणा मात्र ज्याच्या त्याच्याच असतात, हे ती अनुभवानं शिकलेली असते. नकली फेरारी दिसली की मी त्या मावशीचा चेला होतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंग्लंड-अमेरिकेत ‘किट कार’ नावाचा एक षौक आहे. फायबरग्लासचे साचेबंद भाग घरी मागवायचे, एखादी जुनी गरीब गाडी घ्यायची, तिची कातडी सोलायची आणि तिच्या सांगाड्यावर लँबोर्गिनीचं किंवा फेरारीचं सोंग चढवायचं. त्या जुन्या गाडीला ‘डोनर’ म्हणतात, म्हणजे दाता. आता रक्तदात्याला निदान एक कप कॉफी आणि दोन बिस्किटं मिळतात, आणि तो घरी जातो. ही दाती घरी जात नाही. लोक मात्र सोंगाचं कौतुक करतात आणि आत कोण आहे हे विचारत नाहीत. नाटकाची समीक्षा लिहिणारे निदान ‘मूळ कल्पना अमक्याची’ एवढं तरी नोंदवतात. म्हणून हा समीक्षेचा प्रपंच.

आतली गाडी ओळखायची तर पुढच्या काचेपासून सुरुवात करावी. फायबरग्लासचा दरवाजा हौशी माणूस मागच्या अंगणात ओतू शकतो. वाकवलेली, फुटली तरी न विखुरणारी काच कुणाच्याही अंगणात होत नाही. त्यामुळे बहुतेक किटांत मूळ गाडीची काच तशीच राहते. काच राहिली की तिच्या कडेचे खांब राहतात, खांब राहिले की छपराची उंची राहते. लँबोर्गिनी कुंटाशची काच जवळजवळ आडवी झोपलेली असते. नकली कुंटाशची काच पुष्कळदा दुपारच्या झोपेतून दचकून उठल्यासारखी अर्धवट बसलेली दिसते. तिथंच ओळखावं, आत पाँटिअ‍ॅक फिएरो आहे.

ही फिएरो म्हणजे या धंद्यातली अन्नपूर्णा. १९८४ ते १९८८ एवढीच वर्षं ती निघाली. नाव इटालियन, अर्थ ‘अभिमानी’, जन्म मिशिगनचा. इंजिन सीटांच्या मागं, चाकांच्या अलीकडं, अगदी फेरारीसारखं. आणि अंगावरचे प्लॅस्टिकचे पत्रे नुसत्या बोल्टांनी लावलेले. ते सगळे काढून ठेवले तरी आतला पोलादी सांगाडा आपला चालतो आहे! अशा गाडीनं स्वतःचे कपडे स्वतःच उतरवून ठेवल्यावर सोंगाड्यांनी संधी सोडावी कशी? त्यात पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फिएरोत २३७३ मिलिमीटर आणि फेरारी ३०८ मध्ये २३४०. सव्वा इंचाचा फरक. शिंप्याच्या भाषेत, बाही थोडी आत घेतली की झालं. १९८७-८८ मध्ये ‘मेरा’ नावाची अशी गाडी निघालीही, आणि फेरारीनं कोर्टाचा रस्ता दाखवेपर्यंत ती चांगली दिसत होती. (नाव आपल्या हिंदीतलं वाटतं खरं. ‘मेरा’ म्हणायचं आणि अंगावर सगळं दुसऱ्याचं!) माझ्या मते फिएरोवरचं हे सर्वांत उत्तम काम, कारण हाडं जुळत होती. तीच फिएरो मधे कापून, ताणून कुंटाश करायला घेतली की पाचवारीतून नऊवारी काढण्याचा प्रकार होतो.

आमचा भाचा बर्मिंगहॅमला असतो. दर मे महिन्यात वॉरिकशायरमध्ये स्टोनलेला या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथं एकदा मला घेऊन गेला. “मामा, ती बघ फेरारी ३५५!” म्हणाला. मी सवयीप्रमाणे दाराची मूठ, वायपर, आणि आत वाकून सिग्नलची दांडी पाहिली. स्टिअरिंगवर पिवळ्या ढालीतला घोडा उधळलेला, पण त्यामागची दांडी मात्र टोयोटाची. दुसऱ्या फळीतली टोयोटा एमआर-२, हीही बिचारी मधेच इंजिन बाळगणारी. “तू माणसांकडे पण असाच बघतोस का रे?” भाच्यानं विचारलं. मालक जवळच उभा होता. तो हसून म्हणाला, टोयोटा आहे म्हणून तर रोज सुरू होते.

हे उत्तर मला फार आवडलं. मालक आत काय आहे ते लपवत नव्हता.

लपवण्याची गंमत पाहायची तर अमेरिकेतली ‘मायामी व्हाइस’ ही मालिका घ्या. १९८४ साली तिच्यातला पोलीस काळी फेरारी डेटोना उडवत हिंडायचा. ती होती शेवरोले कॉर्व्हेट. चाकांमधलं अंतर खऱ्या डेटोनापेक्षा जवळजवळ नऊ सेंटिमीटर जास्त, आणि आठ सिलिंडरांचं इंजिन बारांची भूमिका करत होतं. फेरारीला राग आला. शेवटी १९८६ साली पडद्यावरच क्षेपणास्त्र मारून त्या गाडीचा वध करण्यात आला आणि फेरारीनं खरी टेस्टारोसा पाठवली. मला वाईट वाटलं ते कॉर्व्हेटचं. दोन हंगाम नायकाचं काम केलं, आणि श्रेयनामावलीत नाव नाहीच, वर क्षेपणास्त्र!

पुढं १९९१ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयानं याच जातीच्या किटांविरुद्ध फेरारीच्या बाजूनं निकाल दिला. किट विकणाऱ्याचं म्हणणं, माझं गिऱ्हाईक फसत नाही, त्याला सगळं ठाऊक असतं. न्यायालयाचं म्हणणं, गिऱ्हाईक नसेल फसत. रस्त्यावरून जाताना बघणारा फसतो त्याचं काय? म्हणजे फेटा घालणाऱ्याचा नव्हे, वऱ्हाड्यांचा विचार झाला. मावशीची साक्ष काढली असती तर निकाल कदाचित उलटा लागता.

फोक्सवॅगन बीटलवरच्या सोंगांबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. बीटलवर एमजी टीडी चढवतात: लांब नाक, पुढं चकचकीत जाळी. जाळीमागं रेडिएटर नाही, कारण बीटलचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं आणि तेही मागं बसून शिवणयंत्रासारखं टकटकत असतं. बॉनेट उघडलं की पेट्रोलची टाकी. हे सोंग नव्हे, थाप आहे. त्याच बीटलच्या तळाचा जवळजवळ एक फूट कापून पोर्शे ३५६ स्पीडस्टर करतात, ते मात्र मला मान्य. १९४८ सालची पहिली पोर्शेच फोक्सवॅगनच्या सामानातून उभी राहिली होती. नातवानं आजोबांचा कोट घातला तर त्याला चोरी कोण म्हणेल?

आणि अस्सलांची तरी काय मिजास? शेवटच्या लँबोर्गिनी दियाब्लोचे पुढले दिवे निसान ३०० झेडएक्सचे. जग्वार एक्सजे २२०, तिच्या काळातली जगातली वेगवान गाडी, मागून बघावी तर रोव्हर २०० चे दिवे. लोटस एस्प्रीला मॉरिस मरीनासारख्या रडक्या गाडीच्या दारमुठी. कोब्रा तर मुळातच १९६२ पासून इंग्रजी अंगावर फोर्डचं अमेरिकी इंजिन. आपल्याकडे १९८५ ला मद्रासहून स्टँडर्ड २००० आली. अंग रोव्हर एसडी-१ चं, ऐटबाज. इंजिन कुठलं? जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या वंशातलं. तीन-एक वर्षांत बंद पडली. किटवाले निदान गरिबावर श्रीमंताचा अंगरखा घालतात. इथं श्रीमंताच्या पोटात म्हातारबुवा बसवले होते, आणि तेही कारखान्यातूनच.

भाच्यानं त्या स्टोनलेच्या मालकाला हळूच विचारलं होतं, कागदावर काय लिहिलंय? नुसतं कवच बदललं असल्यामुळे गाडीच्या कागदपत्रात टोयोटाच होती. विम्याच्या अर्जात त्यानं स्वतःच्या हातानं तेच लिहिलं होतं, आणि खाली, ‘अंगकाठीत बदल केलेला आहे’.