धोटा आणि विणकर

मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या गिरणीकामगारांवरील कादंबरीचे नाव मोठे मार्मिक आहे. १७३३ साली जॉन के याने काढलेला धावता धोटा हेही श्रम वाचविणारे यंत्रच होते. विणकरांनी त्यास विरोध केला. पुढे त्यावरच त्यांचा चरितार्थ चालू लागला. म्हणून यंत्रास होणारा प्रत्येक विरोध अज्ञानजन्य ठरत नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरणीकामगारांनी सुमारे सहा महिने संप केला, तो एका विणकराने अधिक माग सांभाळावेत या योजनेविरुद्धही होता. देऊळघाटासारख्या वऱ्हाडातील गावी बसून ही कादंबरी वाचताना आम्हांस वाटते की, आजच्या स्वयंचलित यंत्राचेही स्वागत करावे. परंतु वाचलेल्या श्रमाचे फळ कामगाराच्या पदरी पडणार नसेल, तर त्याचा विरोध न्याय्यच होय.