ग्रैव मज्जातंतुमुळांचे स्वाभाविक मान : एक चिकित्सा

मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे सोनोग्राफीच्या साहाय्याने मोजून निरोगी प्रौढांतील त्यांचे स्वाभाविक मान निश्चित करण्याचे प्रयत्न गेल्या दोन दशकांत निरनिराळ्या देशांत झाले. २०१० साली अमेरिकेत हॉन व त्यांचे सहकारी यांनी पाचव्या ते आठव्या मुळांच्या छेदाचे क्षेत्रफळ प्रसिद्ध केले; २०१३ साली सुगिमोतो प्रभृतींनी निरोगी जपानी प्रौढांची मापे मांडली. पाचवे मूळ लहान, सहावे व सातवे त्याहून मोठे, हा क्रम अशा अभ्यासांत सामान्यतः आढळतो. या प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांतून निघालेले आकडे जेथे यंत्र असेल तेथे जसेच्या तसे लागू करता येतील काय, हा प्रश्न त्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा होय.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गुलेन-बारी विकाराची साथ उद्भवली आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. या विकारात मज्जातंतूंची मुळे आरंभीच बाधित होतात व काही रुग्णांत ती सुजलेली दिसतात. विद्युत्-तपासणीत पहिल्या दिवसांत बदल स्पष्ट नसेल, तेव्हा मुळाचा वाढलेला आकार निदानास साहाय्यभूत ठरू शकतो. पण 'वाढलेला' म्हणजे कशाहून वाढलेला? स्वाभाविक मान पक्के नसेल, तर निरोगी माणसावर रोगाचा शिक्का बसेल, किंवा सुजलेले मूळ निरोगी समजून सोडून दिले जाईल.

पहिली अडचण स्थाननिश्चितीची. मानेचे मणके सात व मुळांच्या जोड्या आठ. त्यामुळे सातवे मूळ सहाव्या व सातव्या मणक्यांच्या मधून बाहेर पडते. ते ओळखण्याची खूण आडव्या प्रवर्धाच्या आकारात असते. सहाव्या मणक्याच्या प्रवर्धास पुढे व मागे असे दोन उंचवटे असतात आणि पुढचा ठळक असतो; सातव्याचा पुढचा उंचवटा नसतो किंवा अगदी खुजा असतो. मार्तिनोली प्रभृतींनी २००२ साली या खुणेचा पद्धतशीर उपयोग दाखवून दिला. दुसरी खूण मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीची. ती बहुसंख्य व्यक्तींत सहाव्या मणक्याशी छिद्रात शिरते, म्हणून सातव्या मुळाजवळ उघडी दिसते. तथापि काही व्यक्तींत ती आणखी वर जाऊन शिरते. केवळ रोहिणीवर विसंबणारा निरीक्षक अशा वेळी एका मुळाचे माप दुसऱ्याच्या नावे लिहून मोकळा होतो, आणि सरासरी काढल्यावर ही चूक कोणाच्याही नजरेस पडत नाही.

दुसरी अडचण सीमारेषेची. मूळ काळसर दिसते व त्याभोवती उजळ कडा असते. रेषा या कडेच्या आतून काढावयाची की बाहेरून? ३.५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाकार मुळाचे क्षेत्रफळ सुमारे ९.६ चौरस मिलिमीटर होते. रेषा सर्व बाजूंनी केवळ पाव मिलिमीटर बाहेर सरकली, तर व्यास ४ मिलिमीटर व क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस मिलिमीटर होते. व्यासात १४ टक्के वाढ झाली असता क्षेत्रफळात ३१ टक्के वाढ झाली. शोधक मुळाच्या अक्षाशी काटकोनात न राहता तीस अंशांनी कलला, तर तिरप्या छेदामुळे क्षेत्रफळ १५ टक्क्यांनी फुगते. म्हणून ज्या कोष्टकात रेषा कोठून काढली, मूळ छिद्रातून बाहेर पडताच मोजले की पुढे स्नायूंच्या मध्ये, याचा उल्लेख नाही, ते कोष्टक दशांशापर्यंत अचूक भासले तरी निरुपयोगी आहे.

तिसरी अडचण गणिताची आहे. मध्यमानात प्रमाण विचलनाची दुप्पट मिळवून वरची मर्यादा ठरविण्याचा प्रघात आहे. मापांची विभागणी सममित असेल तरच तो न्याय्य ठरतो. क्षेत्रफळाची विभागणी मात्र बहुधा वरच्या बाजूस लांबलेली असते. अशी कल्पना न करता, क्रमवारीने मर्यादा ठरवावयाची तर प्रत्येक गटात किमान १२० व्यक्ती असाव्यात, हा प्रयोगशाळांच्या क्षेत्रातील मान्य संकेत आहे. शिवाय वरच्या मर्यादेबाहेर अडीच टक्के निरोगी माणसे व्याख्येनेच राहतात. दोन्ही बाजूंची तीन तीन मुळे मोजली व ती मापे परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर निरोगी व्यक्तीचे निदान एक मूळ 'रोगट' ठरण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते. एकाच व्यक्तीची मुळे प्रत्यक्षात इतकी स्वतंत्र नसतात, म्हणून हे प्रमाण काहीसे कमी असेल. परंतु इशारा कायम राहतो.

या सर्वांहून मूलगामी प्रश्न 'निरोगी कोण' हा आहे. महाराष्ट्रात शरीरमापनाची परंपरा नवी नाही. इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील लोकसमूहांची शरीरमापे १९५१ साली डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केली. मोजण्यापूर्वी मोजावयाचा समूह कोणता हे ठरले पाहिजे, हा त्या परंपरेचा धडा होय. जातवार मज्जातंतू मोजावेत असा त्याचा अर्थ नव्हे. नमुना कोणाचा हे स्पष्ट असावे, एवढाच आहे.

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाकडील द्रोणागिरीचे उदाहरण घ्यावे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेली ही वसाहत उरण तालुक्यात आहे. भोवती आगरी व कोळी समाजांची जुनी गावे, मिठागरे व मासेमारी. शेजारी १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर व कंटेनरांची आवारे. आणि नव्या इमारतींत बाहेरून आलेली कुटुंबे. डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेली स्त्री, दिवसभर ट्रेलर हाकणारा चालक आणि संगणकापुढे बसणारा कारकून या तिघांपैकी कोणालाही मानदुखी नसेल, तर तिघेही निरोगीच. परंतु तिघांच्या मानांनी सोसलेला भार एक नाही. नमुना रुग्णालयातील विद्यार्थी व कर्मचारी यांतूनच घेतला, तर स्वाभाविकतेची व्याख्या कारकुनाच्या मानेवरून होईल आणि पाटी वाहणारी स्त्री त्या मापाने तोलली जाईल.

यंत्रच गावात न्यावे, हा उपाय सुचतो. पण येथे कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदानास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, आणि २०१२ च्या नियमांनी सुवाह्य यंत्राचा वापर नोंदणीकृत जागेतील आंतररुग्णांपुरता किंवा इतर सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकापुरता मर्यादित केला. या निर्बंधाचा हेतू योग्यच आहे व संशोधनासाठी तो सैल करावा असे म्हणता येणार नाही. मात्र त्याचा परिणाम संशोधकाने ओळखला पाहिजे : यंत्र माणसांकडे जात नसेल, तर यंत्राजवळ असलेली माणसेच नमुन्यात येतात. म्हणून गावांतील व्यक्तींना नोंदणीकृत केंद्रात आणण्याची तजवीज, आणि त्यांची बुडणारी मजुरी भरून देणे, हा खर्च संशोधनाच्या आराखड्यातच धरावयास हवा.

यावर आक्षेप असा की, मग गावोगाव वेगळी कोष्टके करावी लागतील. तसे नाही. व्यवसाय, वय, लिंग, उंची व वजन यांची नोंद ठेवून एकच मोठा नमुना घेतला, तर या घटकांनी माप खरोखर बदलते की नाही हे त्याच सामग्रीतून तपासता येईल. भेद न आढळल्यास एक कोष्टक सर्वांस पुरेल, आणि तेही गृहीत धरून नव्हे, सिद्ध होऊन. त्याच्या जोडीस दोन निरीक्षकांनी एकमेकांचे माप न पाहता मोजणे, तसेच त्याच व्यक्तीच्या दोन्ही बाजूंतील फरकाची मर्यादा देणे आवश्यक आहे. एकीकडील मुळाची सूज ताडण्यास समाजाच्या सरासरीपेक्षा रुग्णाची स्वतःची दुसरी बाजू अधिक जवळचे प्रमाण ठरू शकते. गुलेन-बारीसारख्या, दोन्ही बाजू एकदम बाधित करणाऱ्या विकारात मात्र हा आधार तुटतो. तेथे समाजाच्या मापावाचून गत्यंतर नाही, आणि म्हणूनच ते माप ज्या समाजातून रुग्ण येतो त्याच समाजातून घेतलेले असले पाहिजे.