साठ रुपयांची नेलपॉलिश आणि चार छटांचं फाउंडेशन

‘ड्रगस्टोअर मेकअप’ हा शब्द आपल्याकडे आला, पण ते दुकान काही आलं नाही. अमेरिकेत औषधांच्या मोठ्या दुकानात एका बाजूला खोकल्याचं औषध आणि दुसऱ्या बाजूला लिपस्टिकची अख्खी भिंत असते. तिथं मिळतो तो ड्रगस्टोअर मेकअप, म्हणजे स्वस्तातला. आपलं ‘मेडिकल’ वेगळं. तिथं सॅनिटरी पॅडसुद्धा कागदात गुंडाळून हातात ठेवतात. आपल्याकडे स्वस्त मेकअपचं खरं घर म्हणजे कटलरीचं दुकान. बांगड्या, टिकल्या, क्लिपा, रबरं आणि काउंटरच्या काचेखाली नेलपॉलिशच्या बाटल्या. आता त्याच्या जोडीला फोनमधलं ॲप आलंय, एवढंच.

या काचेखालच्या वस्तूंवर मराठीत गंभीरपणे लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही. दीडशे रुपयांच्या तिकिटाच्या सिनेमावर आपण हजार शब्द लिहितो, मिसळीच्या तर्रीवरून तावातावाने भांडतो. साठ रुपयांच्या नेलपॉलिशबद्दल मात्र दोनच सूर ऐकू येतात. एक जाहिरातीचा, दुसरा नाक मुरडण्याचा: नट्टापट्टा, रंगरंगोटी, थोबाडाला फासणं. ‘स्नो-पावडर’ हा शब्द मराठीत कित्येकदा टोमणा म्हणूनच वापरला गेलाय.

पण नोकरीच्या जाहिराती बघा. रिसेप्शन, शोरूम, मॉलमधलं काउंटर, सगळीकडे ‘प्रेझेंटेबल’ मुलगी हवी असते. त्या शब्दाचा खर्च पगारात वेगळा मिळत नाही, तो मुलीने स्वतःच करायचा. त्यामुळे दोनशे रुपयांची ट्यूब बरी आहे की वाईट, हा हौसेचा प्रश्न उरत नाही. तो गणवेशाच्या दर्जाचा प्रश्न होतो.

म्हणून मी चार वस्तू घेतल्या: ६० रुपयांची नेलपॉलिश, १२० चं काजळ, १९९ ची लिक्विड लिपस्टिक आणि २४९ चं फाउंडेशन. एकूण ६२८ रुपये. महिनाभर वापरल्या. ब्रँडची नावं इथं देत नाही, कारण मला एका कंपनीचं नाही, या किमतीच्या मालाचं परीक्षण करायचंय. निकष साधे ठेवले. वस्तू पाच तासांनंतर कशी दिसते, खिडकीतल्या उजेडात कशी दिसते, निघते कशी आणि बाटलीवर लिहिलेलं खरं ठरतं का.

नेलपॉलिशपासून सुरुवात करते, कारण ती या चौघींत सरळ पहिली आली.

नेलपॉलिशचा मुख्य घटक बहुतेक वेळा नायट्रोसेल्युलोज असतो. कापसासारख्या तंतूंवर आम्लांची प्रक्रिया करून तो बनतो. सुरुवातीच्या काळातल्या सिनेमाच्या रिळांचा पायाही हाच होता. १९१३ मधला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फिल्मवर उतरला. पुढे मोटारींच्या रंगात तो आला आणि तिथून नखांवर. इथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट असल्या द्रावकांत तो विरघळवलेला असतो. द्रावक उडून जातात, मागे पातळ चकचकीत पापुद्रा उरतो. साठ रुपयांच्या बाटलीत आणि सहाशेच्या बाटलीत मूळ कारभार हाच. म्हणूनच दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा लवकर वाळतात. जाड थरातून द्रावकाला बाहेर पडायला वेळ लागतो.

मग स्वस्तपणा कुठे दिसतो? ब्रशमध्ये. माझ्या बाटलीतल्या ब्रशचे केस आठवड्यात फिसकारले आणि रंग नखाच्या कडेला जाऊ लागला. बाटलीवर ‘सात दिवस’ लिहिलं होतं. माझ्या उजव्या हातावर ती तिसऱ्या दिवशी टोकाला उडाली, डाव्यावर पाचव्या दिवशी. फरक नेलपॉलिशचा नाही, भांड्यांच्या घासणीचा आहे. ‘सात दिवस’ हे वाक्य भांडी न घासणाऱ्या हातांसाठी लिहिलेलं असतं, एवढं समजून घेतलं की फसवणूक वाटत नाही. रंग मात्र डाळिंबी, गडद आणि खरा. बाटलीत दिसला तसाच नखावर दिसला.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण इतर वस्तूंबद्दल ते सरसकट म्हणता येत नाही. नेलपॉलिश तुम्हाला तुमच्या कातडीचा रंग विचारत नाही. नख झाकलं की विषय संपला. काजळाचंही तसंच. काळा हा काळाच असतो. माझं काजळ चौथ्या तासाला डोळ्याखाली उतरलं, पण ते घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलंही उतरायचं. १२० रुपयांत तक्रार नाही.

आता लिपस्टिक. छटेचं नाव ‘न्यूड’. न्यूड म्हणजे काही लावलंच नाही असं वाटायला लावणारा रंग. माझ्या सावळ्या ओठांवर तो फिकट गुलाबी-पांढरट बसला, ताक पिऊन तोंड पुसायचं राहिल्यासारखा. वस्तू म्हणून ती वाईट नव्हती. वाळली पटकन, चहाच्या कपाला लागली नाही, खोबरेल तेलाने निघाली. पण त्या न्यूडच्या कल्पनेत जी बाई होती, ती मी नव्हते.

फाउंडेशनने हा प्रश्न आणखी उघड केला. काउंटरवर चार छटा होत्या. पहिल्या तिघींमध्ये मला दुपारच्या उजेडातही नीट फरक करता येईना. चौथी, सगळ्यात गडद, ती आपल्या स्थळांच्या जाहिरातींतली ‘गव्हाळ’. त्यापुढे काही नाही. मी चौथी घेतली. ट्यूबलाइटखाली चेहरा ठीक दिसत होता. खिडकीपाशी आल्यावर राख फासल्यासारखा दिसला, आणि मान वेगळी.

ही राख येते कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. फाउंडेशनमध्ये झाकण्याचं काम बरंचसं टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी भुकटी करते. रंग येतो लोहाच्या ऑक्साइडांतून: पिवळं, तांबडं, काळं. गडद छटा बनवायची तर पांढरं कमी करून तिन्हींचा तोल नव्याने साधावा लागतो. फिक्या मिश्रणात थोडं तपकिरी ढकललं तर पांढरं खाली तसंच राहतं आणि सावळ्या त्वचेवर राखाडी होऊन वर येतं. म्हणजे राख हा स्वस्तपणाचा अटळ परिणाम नाही. लोहाचे ऑक्साइड काही केशर नाही. राख हा कोणाला डोळ्यासमोर ठेवून मिश्रण केलं, त्याचा परिणाम आहे.

यावर दुकानदाराचं उत्तर तयार असतं आणि ते खोटं नाही. प्रत्येक छटा म्हणजे अडकलेला पैसा. कटलरीवाला चाळीस छटा ठेवू शकत नाही. २०१७ मध्ये रिहानाच्या फेंटी ब्यूटीने एकदम चाळीस छटा आणल्या, त्याचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण ती किंमत माझ्या ६२८ रुपयांच्या जगाबाहेरची. ठीक. चाळीस नकोत, चारच ठेवा. पण चार म्हणजे कोणत्या चार? तीन गोऱ्या आणि एक गव्हाळ ठेवायला जेवढा पैसा अडकतो, साधारण तेवढाच एक गोरी, एक गव्हाळ, एक सावळी आणि एक काळी ठेवायला अडकेल. ‘सावळी खपत नाही’ म्हणायचं तर ती आधी काउंटरवर असायला हवी.

छटांची नावंही वाचण्यासारखी असतात. मेकअपच्या बाजारात उजळ छटा म्हणजे आयव्हरी, पोर्सेलिन, पर्ल: हस्तिदंत, चिनी माती, मोती. जपून ठेवायच्या वस्तू. गडद छटा म्हणजे कॉफी, चॉकलेट, कॅरॅमल. खायच्या वस्तू. एकीला शोकेसमध्ये ठेवायचं, दुसरीला बशीत.

पण आपल्या भाषेलाही सहज सुटता येत नाही. साडीच्या दुकानात मराठी बाई आमसुली, अंजिरी, अबोली, विटकरी, मोरपंखी, चिंतामणी, गुलबक्षी असे रंग मागते आणि दुकानदार बरोबर तोच गठ्ठा काढतो. एवढी तयार नजर आणि एवढा शब्दसाठा आपल्याकडे आहे. तीच नजर चेहऱ्यावर गेली की उरतात गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळी. यातला एकही शब्द नुसता रंग सांगत नाही, प्रत्येक शब्द मार्क देतो. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ने नावातला ‘फेअर’ काढला, तेव्हा अनेकांना जिंकल्यासारखं वाटलं. शब्द गेला, पट्टी तशीच राहिली.

लॅक्मेची गोष्ट इथं आठवते. १९५२ मध्ये टाटांनी ही कंपनी सुरू केली. परदेशी सौंदर्यप्रसाधनांवर जाणारं परकीय चलन वाचावं आणि देशातच चांगला माल तयार व्हावा, हा त्यामागचा विचार. पुढे जिनिव्हात जन्मलेल्या सिमोन टाटांनी ती मोठी केली. नाव आलं लिओ दलीबच्या १८८३ च्या फ्रेंच ऑपेरावरून. त्याची नायिका लॅक्मे ही ब्रिटिश काळातल्या भारतातल्या एका पुरोहिताची मुलगी, आणि लॅक्मे म्हणजे आपली लक्ष्मीच. लक्ष्मी पॅरिसला गेली आणि फ्रेंच उच्चार घेऊन परत आली. मला हे नाव आवडतं. पण स्वदेशी प्रसाधनांच्या त्या स्वप्नाला सत्तर वर्षं उलटून गेल्यावर एवढी अपेक्षा गैर नाही, की तालुक्याच्या काउंटरवर माल इथला असेल तर चेहराही इथला असावा.

फोनवरच्या परीक्षणांकडून याबाबत मदत मिळत नाही. तिथं स्वस्त वस्तूचं सर्वात मोठं कौतुक म्हणजे तिला ‘डूप’ म्हणणं, महागड्या अमुक वस्तूची हुबेहूब नक्कल. म्हणजे स्वस्त वस्तूचा गुण काय, तर ती स्वस्त वाटत नाही. परीक्षण रिंग लाइटसमोर, लावल्यावर दोन मिनिटांनी, बऱ्याचदा फिल्टरमधून. ज्या उजेडात माझ्या चेहऱ्यावर राख दिसली, तो उजेड त्या व्हिडिओत येतच नाही.

माझा निकाल असा. नेलपॉलिश घ्या, बिनधास्त घ्या. महागडीवर खर्च करायचाच असेल तर तो ब्रशसाठी आहे हे लक्षात ठेवून करा. काजळ घ्या. लिपस्टिकमध्ये ‘न्यूड’ शब्दावर विसंबू नका. विटकरी, आमसुली, डाळिंबी शोधा. फाउंडेशन मनगटावर लावून बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाच्या दारात येऊन फोनच्या साध्या कॅमेऱ्यात बघा. बाटलीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि वापराची मुदत नसेल तर ती काचेखाली परत ठेवा. रंगासाठी शिशाची आणि आर्सेनिकची संयुगं वापरायला आपल्या कायद्यात मनाई आहे, पण ज्या बाटलीवर पत्ताच नाही तिला कायदा कुठे गाठणार?

आणि चारही छटा जुळल्या नाहीत तर दुकानदाराला तसं मोठ्याने सांगा. ‘मला शोभत नाही’ म्हणू नका. ‘माझा रंग तुमच्याकडे नाही’ म्हणा. पुढच्या खेपेला माल भरताना त्याला नेमकं हेच वाक्य आठवायला हवं.