सवय की जनुक?

अंजनवेलच्या गोपाळगडाकडे जाताना रुईची पाने उलटून पाहावीत. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली, तर ती 'बिबळ्या कडवा' फुलपाखराची. (रुईचा चीक हाताला लागला तर डोळे चोळू नयेत.) एका शालेय तक्त्यावर तिच्याविषयी आम्ही वाचले : 'विष खाऊन खाऊन अळीला सवय झाली.' वाक्य सोपे आहे, पण चुकीचे आहे. सवय पिलांत उतरत नाही.

रुईतले विष प्राण्यांच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडते. बिबळ्याचा अमेरिकी भाईबंद मोनार्क. त्याच्या पंपाचे जनुकच थोडे वेगळे आहे, त्यामुळे विष पंपाला नीट चिकटत नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी असे तीन बदल फळमाशीच्या जनुकात केले, तेव्हा तीही अशा विषावर जगली. तिला सवय कधी झाली?

मात्र 'जनुक बदलले म्हणून पाने खाता आली' एवढेच लिहिले, तर तेही अपुरे. 'हबशी' फुलपाखराचा पंप या विषाला बळी पडणाराच आहे, तरी त्याची अळी विषारी कण्हेरीवर खुशाल वाढते. मोनार्क विष अंगात साठवतो, हबशी साठवत नाही. बदललेला पंप बहुधा त्या साठवणुकीसाठी लागतो. तक्त्यात हबशीला जागाच नाही, आणि कण्हेर तर कित्येक शाळांच्या कुंपणाला असते.