‘संत तुकाराम’ चित्रपटातील वाणी आणि प्रतिनिधित्व

धार्मिक जीवनावरील ऐतिहासिक चित्रपटाने समाजाचे वैविध्य कितपत टिपले आहे, हे ठरविताना पात्रांची जात, धर्म व लिंग यांची मोजदाद करण्याची प्रथा पडली आहे. ही मोजदाद निरर्थक नव्हे. परंतु ती अपुरी आहे. पडद्यावर कोण दिसतो याइतकाच, कोणाला स्वतःची वाणी लाभते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाचा विचार या दृष्टीने उद्बोधक होईल.

विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांच्या या कृतीचा १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला. तिच्या यशाचे एक मर्म भाषेच्या योजनेत आहे. आरंभीच तुकारामाच्या साध्या भजनी वळणाच्या गायनाशेजारी सालोमालोचे आलंकारिक, नाटकी ढंगाचे गायन ठेवले आहे. अभंग तोच, पण त्यावरील हक्क सालोमालो सांगतो. उच्चार आणि गायकी यांच्या द्वारा येथे दोन सामाजिक वृत्ती परस्परांसमोर उभ्या राहतात. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविलेल्या विष्णुपंत पागनिसांनी तुकारामाच्या भूमिकेत तो रंगभूमीचा संस्कार मागे सारावा, ही गोष्ट लक्षणीय होय.

याहूनही मोठी सिद्धी जिजाईची. गौरी यांनी उभी केलेली ही स्त्री चरित्रपरंपरेतील केवळ कजाग बायको राहत नाही. आजारी मुलाला घेऊन ती देवळात जाते आणि विठ्ठलावर चप्पल उगारते, तेव्हा तिच्या रांगड्या बोलीत संसाराची बाजू प्रथमच पूर्ण अधिकाराने मांडली जाते. ती भक्तीची प्रतिपक्षी नसून भक्तीला जाब विचारणारी आहे. बोली येथे विनोदासाठी राबविलेली नाही. ती युक्तिवादाचे साधन झाली आहे.

मात्र हीच कसोटी अन्यत्र लावता उणिवाही दिसतात. तुकारामाच्या गाथेत दरवेस, मलंग यांसारख्या रूपकांवरील व अल्लाच्या नामाने रचलेली दखनी हिंदी पदे आहेत. सतराव्या शतकातील देहू-पुणे परिसराचे बहुभाषिक व बहुधर्मीय वास्तव त्यांतून उमटते. चित्रपटाच्या गीतयोजनेत या वाणीला स्थान नाही. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक मुसलमान असावा, आणि तरीही चित्रित समाज एकभाषी व्हावा, यावरून निर्मात्यांची जडणघडण आणि कृतीतील प्रतिनिधित्व या दोन भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट होते.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. शूद्राने धर्मविषयक रचना करावी काय, हा त्या संघर्षाचा गाभा होता. रामेश्वरशास्त्र्यांच्या आज्ञेने वह्या इंद्रायणीत बुडविल्या जातात, तेथे हा प्रश्न क्षणभर उघड होतो. पण कथेचा भार सालोमालोच्या मत्सरावर पडल्याने व्यवस्थेचा दोष एका व्यक्तीच्या दुष्टपणात विरून जातो. प्रेक्षकाची चीड खलनायकावर संपते. नियमापर्यंत ती पोहोचत नाही.

या चिकित्सेचे प्रयोजन केवळ चित्रपटापुरते नाही. बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्तावर शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले गीत अनेकांनी तुकारामाचाच अभंग मानले. आठवल्यांच्या भाषिक सामर्थ्याची ही पावती खरीच. पण लोकमानसात चित्रपट गाथेची जागा घेऊ शकतो, हेही त्यावरून सिद्ध होते. जो चित्रपट स्मृतीचे प्रमाण बनतो, त्याने गाळलेली वाणी स्मृतीतूनही गळते. म्हणून जिजाईला वाणी देणाऱ्या या कृतीचे ऋण मान्य करूनच, तिच्यातील मौनाची नोंद अभ्यासकांनी गाथा शेजारी ठेवून करावयास हवी.