‘श्वास’ : एक न उच्चारलेले वाक्य

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) या चित्रपटाची स्तुती पुष्कळ झाली. १९५४ साली ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले; त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीकडे आला तो पन्नास वर्षांनी, याच चित्रपटामुळे. मात्र या गौरवाच्या गलबल्यात चित्रपटाने विचारलेला मूळ प्रश्न बाजूस राहिला, असे आम्हांस वाटते.

माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेले हे कथानक अगदी साधे आहे. कोकणातील परशुराम या लहानग्यास डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग होतो. जीव वाचवावयाचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. आजोबा त्याला घेऊन शहरात आले आहेत, आणि शस्त्रक्रियेपूर्वी मुलास त्याची कल्पना दिली पाहिजे असा डॉक्टरांचा आग्रह आहे. ते एक वाक्य आजोबांच्या तोंडून निघत नाही. अखेर ते नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात आणि जग डोळे भरून दाखवतात. रसिकांचे डोळे पाणावतात ते या प्रसंगी. आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती आधीची चाचपड : ओठांशी येऊन परत फिरणारे शब्द आणि कारण नसताना मुलाच्या केसांवरून फिरणारा हात. अरुण नलावडे यांनी हा भाग विलक्षण संयमाने उभा केला आहे.

अपत्यदुःखाचे चित्रण मराठीस नवे नाही. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मधील माता गेलेले मूल मांडीवरून सोडावयास तयार नसते. परंतु तेथे मूल ऐकत नाही. ‘श्वास’मध्ये मूल जिवंत आहे, ऐकते आहे, प्रश्न विचारते आहे. आणि आज हीच अवस्था अधिक आईबापांच्या वाट्यास येते. कारण वेळीच निदान व पुरे उपचार लाभले, तर कर्करोग झालेली बहुसंख्य मुले बरी होतात. तेव्हा नुसता शोक करून भागत नाही, मुलाशी बोलावे लागते.

येथे रसमड्यास आमच्या एका सहकाऱ्याच्या नऊ वर्षांच्या कन्येस रक्ताचा कर्करोग झाला. दुर्गहून गाडीत बसून अकराशे किलोमीटरवरील मुंबई गाठावयाची, रजेचे अर्ज, बिलांच्या प्रती, धर्मशाळेतील खोली. बदलीच्या नोकरीत आजीआजोबा तरी कोठून हाताशी असणार? मुलीस सांगितले होते की ही ताकदीची औषधे आहेत. आजाराचे नाव तिला कळले ते शेजारच्या खाटेवरील मुलाकडून. त्या रात्री तिने एवढेच विचारले, “बाबा, तुम्हाला ठाऊक होतं ना?” आज ती ठणठणीत आहे, शाळेत जाते. पण औषधाची गोळी हातात दिली की ती अजून कागदावरचे नाव स्वतः वाचून पाहते.

हे जवळून पाहिल्यामुळेच ‘श्वास’मधील एक उणीव आम्हांस बोचते. मुलाची आई चित्रपटात जवळजवळ गावीच राहून जाते. आजोबांची एकाकी मूर्ती ठसठशीत व्हावी म्हणून दिग्दर्शकाने हे केले असावे, आणि कलेच्या हिशेबाने ते क्षम्यही असेल. परंतु इतका कठीण निरोप देण्याचा अर्धा भार जिच्यावर, तिलाच पडद्याआड ठेवल्याने प्रश्नाची एक बाजू कोरीच राहते. अमृता सुभाष यांनी साकारलेली समाजसेविका ही पोकळी भरू पाहते. ती सालस आहे, पण ती आई नव्हे.

शेवटी काळा चष्मा लावलेला परशुराम होडीतून गावी परततो आणि आपल्या माणसांना हाका मारतो. टीकाकारांस येथे आशावाद दिसला. आम्हांस दिसते ते इतकेच की आता बोलतो आहे तो मुलगा, आणि आजोबा ऐकत आहेत.